पोथीची पाने आणि बॅकअपची फाइल



मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी ‘सर्व्हरच्या बॅकअपची फाइल किती मोठी असावी’ असा विषय निवडावा, याचे आपल्यापैकी अनेकांना नवल वाटले असेल. संतसाहित्यावर बोलण्याची सूचना मला प्रेमाने करण्यात आली होती. परंतु आपल्या शाळेच्या जुन्या प्रवेश-निर्गम नोंदवह्यांची पाने आता संगणकावर उतरविली जात आहेत, आणि त्या कामी राबणाऱ्या तरुण मंडळींत एका प्रश्नावर मतभेद आहे. सगळ्या प्रतिमांची मिळून एकच मोठी फाइल करावी, की लहान लहान अनेक कराव्यात? हा प्रश्न माझ्या कानावर आला तेव्हा तो मला मुळीच परका वाटला नाही. आयुष्याची चाळीस वर्षे मी पाठचिकित्सेत घालविली. ग्रंथ कसे टिकतात आणि कसे नष्ट होतात, याखेरीज त्या शास्त्रात दुसरे काय असते?

प्रथम, जपायचे काय आहे हे स्पष्ट असलेले बरे. बोथ हे सीमेवरचे गाव. १९४८ पर्यंत निजामाचे राज्य, मग हैदराबाद राज्य, १९५६ पासून आंध्र प्रदेश आणि २ जून २०१४ पासून तेलंगण. १९५६ च्या पुनर्रचनेत शेजारचे किनवट मराठी मुलखात गेले आणि बोथ तेलुगू राज्यात राहिले. माणसे मात्र सोयरीक, शेती आणि नोकरी यांच्या निमित्ताने इकडून तिकडे जातच राहिली. अशा माणसाला आपला जन्म, जात, रहिवास सिद्ध करावयाचा झाला, की त्याच्यापाशी पुष्कळदा शाळेच्या वहीतील एक ओळ एवढाच आधार असतो. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि निजामकालीन दप्तरांतून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, हे आपण वाचले आहेच. त्या प्रश्नाच्या राजकारणात मी शिरत नाही. परंतु ज्या कागदांकडे साठ-सत्तर वर्षे कोणी फिरकले नव्हते, त्यांतील एकेका शब्दावर घरेच्या घरे अवलंबून राहिली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कोणत्या पानाला उद्या मोल येईल हे आज कोणालाच सांगता येणार नाही. म्हणून सगळीच पाने जपावी लागतात.

आता आकाराकडे वळू. जाणकारांनी येथे थोडा धीर धरावा. हिशेब सोपाच आहे. ए-फोर आकाराचे एक पान इंचाला ३०० बिंदू या प्रमाणात रंगीत उतरविले, तर त्यात रुंदीला २,४८० आणि उंचीला ३,५०८ बिंदू येतात. प्रत्येक बिंदूला ३ बाइट धरले म्हणजे एका पानाचे सुमारे २६ मेगाबाइट होतात. तुलनेसाठी ज्ञानेश्वरी घ्या. सुमारे नऊ हजार ओव्या, ओवीला सरासरी साठ चिन्हे आणि युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत देवनागरी चिन्हाला ३ बाइट असे धरले, तर सबंध ग्रंथ दीड-पावणेदोन मेगाबाइटांत मावतो. म्हणजे हजेरीच्या एका मळक्या पानाचे चित्र पंधरा ज्ञानेश्वऱ्यांइतकी जागा अडविते! अर्थ आणि आकार यांचा संबंध संगणकाला ठाऊक नसतो, हे यावरून दिसेलच.

समजा, आपल्याकडे ४० वह्या आहेत आणि प्रत्येकीत ४०० पाने. एकूण १६,००० पाने झाली. मूळ, न दाबलेल्या प्रतिमांचे ४१६ गीगाबाइट होतील. त्याच प्रतिमा जेपेग पद्धतीने दाबून पानाला अडीच मेगाबाइट केल्या, तर ४० गीगाबाइट. या ४० गीगाबाइटांची फाइल एक असावी की अनेक, हा आपला प्रश्न.

याचे एक जुने उदाहरण मराठवाड्यातच आहे. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी (१५५१–१६१५) आपले ‘पंचीकरण’ कागदावर न लिहिता कापडावर लिहिले. ती पासोडी सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद आहे. वस्तू अद्भुत, परंतु नकलकाराच्या दृष्टीने पाहा. ती एका बैठकीत उतरत नाही. दोघांत वाटून देता येत नाही. मधला एखादा मजकूर पाहावयाचा तर सगळी घडी मोडावी लागते, आणि घडीवर कापड विरले की अनेक ओळी एकदम जातात. याउलट आपली नेहमीची पोथी सुट्या पानांची असते. दोन फळ्या, वरून रुमाल, आणि प्रत्येक पानाच्या समासात अंक. वाळवीने सतरावे पान खाल्ले तर सतरावेच जाते. सोळावे आणि अठरावे जागेवर राहते, आणि सतरावे गेले आहे हे अंकांवरून तत्काळ कळते. हरवलेले पान दुसऱ्या गावच्या पोथीवरून उतरवून घेता येते. आपल्या हस्तलिखितांचे एवढे धन वाचले, त्यात या सुटेपणाचा वाटा मोठा आहे, असे माझे मत आहे.

४० गीगाबाइटांची एकच दाबलेली फाइल म्हणजे ही पासोडी. माहिती दाबून बसविण्याच्या बहुतेक पद्धतींत पुढचा मजकूर मागच्या मजकुराच्या आधाराने लिहिलेला असतो; ‘वरीलप्रमाणे’ असे लिहून कारकून जागा वाचवितो तसे. वरचीच ओळ पुसली गेली तर खालच्या ‘वरीलप्रमाणे’चा अर्थ कोठून लावणार? एका सलग दाबलेल्या फाइलीत मध्येच बिघाड झाला, की तेथून पुढचा भाग बहुधा वाचता येत नाही. झिप प्रकारात प्रत्येक आतली फाइल स्वतंत्रपणे दाबलेली असते, हे चांगले. पण तिची अनुक्रमणिका शेवटी असते, त्यामुळे अर्धवट उतरलेली झिप साध्या उपायांनी उघडत नाही.

बिघाड होतोच कशाला, असे कोणी विचारील. साध्या हार्ड डिस्कच्या माहितीपत्रकात पुष्कळदा असे लिहिलेले असते की एकावर चौदा शून्ये इतके बिट वाचताना न वाचता येणारी चूक फार तर एकदा संभवते. हे प्रमाण म्हणजे साडेबारा टेराबाइट. या हिशेबाने आपले ४१६ गीगाबाइट एकदा पूर्ण वाचताना चूक आढळण्याचा संभव शेकडा तीन-साडेतीन येतो. हे अर्थात कारखान्याने कबूल केलेले कमाल प्रमाण आहे; प्रत्यक्षात ते पुष्कळदा कमी असते. पण शेकडा तीन हा आकडा दुर्लक्षिण्याजोगा नाही, आणि पडलेली डिस्क, गेलेली वीज, घाईने उपसलेला पेन ड्राइव्ह हे त्यात धरलेलेच नाहीत.

दुसरी अडचण वाहतुकीची. येथून दूरच्या सर्व्हरवर प्रत पाठवावयाची, आणि वर पाठविण्याचा वेग सेकंदाला १० मेगाबिट आहे असे धरू. एका गीगाबाइटाला ८०० सेकंद, म्हणजे तेरा मिनिटे वीस सेकंद लागतात. ४० गीगाबाइटांना जवळजवळ नऊ तास. आता ही लाइन सरासरी दर दोन तासांनी एकदा तुटते असे समजा, आणि तुटल्यावर पहिल्यापासून आरंभ करावा लागतो असेही समजा. संभाव्यतेच्या गणिताने एक गीगाबाइटाचा तुकडा दहांपैकी नऊ वेळा पहिल्याच प्रयत्नात पार पडतो. सबंध ४० गीगाबाइटांची फाइल मात्र पंच्याऐंशी प्रयत्नांत एकदा! रात्री लावून सकाळी पाहावे तर पुन्हा शून्य, हा अनुभव मग नशिबाचा राहत नाही, गणिताचा होतो. तुटल्या जागेपासून पुढे पाठविणारी साधने आहेत आणि ती वापरावीतच. परंतु ती दोन्ही टोकांना असावी लागतात, आणि तशी ती असतीलच असे नाही.

तिसरी अडचण भांड्याची. फाइल ज्यात ठेवावयाची त्या भांड्याला आपली मर्यादा असते. जुन्या पेन ड्राइव्हवर आणि मेमरी कार्डांवर फॅट-३२ नावाची मांडणी आढळते. तीत फाइलीचा आकार लिहिण्यासाठी ३२ बिटांचाच रकाना आहे, म्हणून कोणतीही एक फाइल ४,२९,४९,६७,२९५ बाइटांहून मोठी असू शकत नाही. चौसष्ट गीगाबाइटांचा पेन ड्राइव्ह रिकामा असला तरी पाच गीगाबाइटांची फाइल त्यावर चढत नाही, आणि माणूस गोंधळतो. जुन्या झिपचा रकानाही एवढाच, म्हणून तिचीही मर्यादा ४ गीगाबाइट. त्याआधी अनेक संगणकांत या रकान्याचा एक बिट धन-ऋण चिन्हाकडे जाई. म्हणून १९९० च्या दशकातील जाणती मंडळी २ गीगाबाइटांच्या आत राहा असे सांगत. सीडीवर ७०० मेगाबाइट, साध्या डीव्हीडीवर ४.७ गीगाबाइट. नव्या मांडण्यांनी या भिंती पाडल्या आहेत, हे खरे. परंतु आपली प्रत वीस वर्षांनी कोणत्या यंत्रावर उघडली जाईल हे आपल्याला ठाऊक नाही, आणि उघडणाऱ्याच्या हाती जुनेच यंत्र असण्याचा संभव आपल्यासारख्या गावी अधिक.

जाता जाता मापाविषयी. पूर्वी एका गावचा शेर दुसऱ्या गावी चालत नसे, तसे येथेही आहे. डिस्क विकणारा गीगाबाइट म्हणजे शंभर कोटी बाइट मोजतो. कित्येक संगणक त्याच नावाखाली १,०७,३७,४१,८२४ मोजतात. फरक शेकडा सात. डीव्हीडीवरचे ४.७ गीगाबाइट पडद्यावर ४.३८ दिसतात ते यामुळे. तेव्हा कोणत्याही मर्यादेला अगदी चिकटून माप घेऊ नये. शिंपी शिवणीसाठी कापड सोडतो तेवढे तरी सोडावे.

इतके ऐकून कोणी उत्साहाने म्हणेल, मग १६,००० पानांच्या १६,००० फाइलीच सुट्या पाठवू. तेही बरे नाही. प्रत्येक फाइलीमागे नाव सांगणे, परवानगी घेणे, पोच देणे हा उपचार असतो. त्याला एक सेकंद धरला तरी साडेचार तास केवळ उपचारात जातील. आणि सोळा हजारांतील तीन कमी आली, तर कोणाच्या डोळ्यांना दिसणार? चाळीस फाइली बोटांवर मोजता येतात. पोथीसुद्धा ओवीगणिक एक पान अशी कोणी लिहिली नाही.

यातच एक फसगत दडलेली आहे, आणि तरुण मंडळींचा मतभेद मुख्यतः तिच्याविषयी असावा असे मला वाटते. मोठी फाइल आधी करावयाची आणि मग एखाद्या साधनाने तिचे ००१, ००२, ००३ असे भाग पाडावयाचे, ही सोय सर्वत्र मिळते. वाहतुकीची आणि भांड्याची अडचण तिने सुटते. परंतु हे भाग म्हणजे कात्रीने कापलेली पासोडी होय, पोथीची पाने नव्हेत. सगळे भाग एकत्र आल्याखेरीज नेहमीच्या रीतीने ती फाइल उघडत नाही. चाळिसांपैकी एक गहाळ झाला तर उरलेल्या एकोणचाळिसांतले पुष्कळसे हातचे जाऊ शकते. किंबहुना एकाच मोठ्या फाइलीपेक्षा हे अधिक धोक्याचे, कारण हरवण्याजोग्या वस्तूंची संख्या वाढली आणि प्रत्येकीवर सगळ्यांचे जीवित टांगलेले राहिले. तुकडा असा पाडावा की तो एकटाच उघडला तरी त्याला अर्थ असेल.

म्हणून माझा कौल असा की एक वही म्हणजे एक फाइल. चारशे पाने गुणिले अडीच मेगाबाइट, बरोबर एक गीगाबाइट. वहीचा आकार आणि सुरक्षित फाइलीचा आकार असे जुळून यावेत हा योगायोगच, पण सोयीचा आहे. तो तेरा मिनिटांत जातो, कोणत्याही भांड्यात मावतो, आणि १९६२ सालचा एखादा दाखला हवा असेल तर ती एकच वही परत आणावी लागते, सगळे कपाट नव्हे. मूळ, न दाबलेल्या प्रतिमांची एक वही १०.४ गीगाबाइटांची होईल. तिचे शंभर-शंभर पानांचे चार खंड करावेत, म्हणजे प्रत्येक खंड २.६ गीगाबाइटांचा होऊन चारच्या बराच आत राहील. नावात वहीचा क्रमांक, वर्षे आणि पानांचा पल्ला यावा. प्रवेशाची आणि निकालांची जी चालू माहिती सर्व्हरवर रोज बदलते, तिची गोष्ट वेगळी. कारकून लिहीत असताना वहीची नक्कल करू लागले तर अर्धी ओळ जुनी आणि अर्धी नवी उतरते. तिच्यासाठी त्या प्रणालीचीच प्रत काढण्याची सोय वापरावी. ती माहिती आकाराने लहान असते.

प्रत झाली, पण ती बरोबर झाली का? आपल्या पूर्वजांनी या प्रश्नावर फार विचार केला होता. वेदपाठकांनी पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशा रीतींनी तीच अक्षरे उलटसुलट जोडून म्हटली, ती एकही अक्षर निसटल्यास उच्चारातच अडखळावे यासाठी. लेखनिक पोथीच्या शेवटी बत्तीस अक्षरांचा एक ग्रंथ या मापाने एकूण संख्या लिहून ठेवीत. संगणकात हेच काम चेकसम करतो. एसएचए-२५६ या रीतीने कोणत्याही फाइलीचे, मग ती एक पानाची असो वा एक गीगाबाइटाची, चौसष्ट चिन्हांचे एक मुद्रांकन निघते. फाइलीतील एक बिट बदलला तरी ते साफ बदलते. चाळीस फाइलींची चाळीस मुद्रांकने एका यादीत लिहावीत, ती यादी कागदावरही छापावी, आणि दर सहा महिन्यांनी पडताळावी.

हे पडताळणे टाळले जाते, आणि मोठमोठ्यांकडूनही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या प्रसिद्ध संस्थेच्या एका अभियंत्याच्या हातून मुख्य माहितीसाठा पुसला गेला. संस्थेने प्रती जपण्याच्या अनेक व्यवस्था केल्या होत्या. गरज पडली तेव्हा त्यांतील एकही धड उपयोगी पडेना. एक व्यवस्था तर कित्येक दिवस चालतच नव्हती, आणि ती चालत नाही असे कळविणारी पत्रेही पोहोचत नव्हती. कोणीतरी सहज घेऊन ठेवलेल्या सहा तास आधीच्या प्रतीवर त्यांचे निभावले. ‘क्लाउड’ हा शब्द ऐकला की मला कालिदासाचा यक्ष आठवतो. त्याने मेघावर निरोप सोपविला आणि मेघाच्या मौनालाच होकार मानले. काव्यात ते शोभते. दप्तरात मात्र मेघाकडून लेखी पोच घ्यावी, आणि वर्षातून एकदा एक वही खरोखर परत मागवून, उघडून, त्यातले एखादे पान वाचून पाहावे.

आकार मोठा म्हणून प्रतच न ठेवणे, याचे उदाहरण तर अगदी ताजे आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील शासकीय माहितीकेंद्राला बॅटऱ्यांमुळे आग लागली. सरकारी नोकरांनी आपापली कामे ज्या सामायिक साठ्यात ठेवली होती त्याचे ८५८ टेराबाइट जळून गेले. साठा फार मोठा असल्यामुळे त्याची बाहेर प्रत ठेवलेली नव्हती, असे तेथील अधिकाऱ्यांनी सांगितले. एवढ्या पुढारलेल्या देशात हे घडले. तुकडे पाडून, थोडे थोडे, महत्त्वाचे आधी, असे का केले गेले नाही, हे मला कळत नाही.

प्रती किती आणि कोठे, याविषयी पीटर क्रोघ या छायाचित्रकाराने रूढ केलेला नियम सोपा आहे. प्रती तीन, साधने दोन प्रकारची, आणि एक प्रत दुसऱ्या गावी. बीडजवळ मिळालेल्या हस्तलिखितावरून इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरी छापली. ते हस्तलिखित पुढे अभ्यासकांना उपलब्ध राहिले नाही; छापील प्रत निघाली होती म्हणून तो पाठ आज आपल्या हाती आहे. महानुभाव परंपरा सांगते की परचक्राच्या धावपळीत लीळाचरित्राची मूळ प्रत हरवली आणि पुढे शिष्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा सिद्ध करावा लागला. तो सिद्ध झाला खरा, पण एकाऐवजी अनेक पाठ झाले, आणि आम्हा अभ्यासकांना त्यांतील लीळांचा क्रम नि शब्द जुळवीत बसावे लागले. वहीतील जन्मतारीख अशी स्मरणातून सिद्ध करता येणार नाही. कचेरी ती मानणार नाही.

महानुभावांचीच आणखी एक गोष्ट येथे उपयोगाची आहे. त्यांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. ग्रंथ सुरक्षित राहिले. पण किल्ली पंथाबाहेर नसल्यामुळे विसाव्या शतकापर्यंत ते बाहेरच्या मराठी वाचकाला जवळजवळ अज्ञात होते. नोंदवह्यांत खाजगी माहिती असते, म्हणून दूरची प्रत कुलूपबंद असावीच. मात्र तो सांकेतिक शब्द एकाच शिक्षकाच्या डोक्यात राहू नये. त्याची बदली होते, तो निवृत्त होतो, आणि आमच्यासारखा विसरतोही. दोन बंद पाकिटांत, दोन ठिकाणी, मुख्याध्यापकांच्या सहीने तो ठेवावा.

पहिली प्रत शाळेच्या सर्व्हरवर राहील आणि दुसरी, वहीगणिक एक गीगाबाइटाच्या चाळीस फाइलींत, दूरच्या सर्व्हरवर जाईल. तिसरी, म्हणजे मूळ प्रतिमांचे १६० खंड, एका हार्ड डिस्कवर ठेवावयाची आहे. ती डिस्क बोथपासून दूर, नागपूर, नांदेड किंवा हैदराबाद येथे स्थायिक झालेल्या एखाद्या माजी विद्यार्थ्याने आपल्या घरी कोरड्या जागी ठेवावी, आणि वर्षातून दोनदा जोडून यादीशी पडताळून पाहावी. ज्यांना हे जमण्याजोगे असेल त्यांनी आज सभा संपल्यावर कार्यालयात आपले नाव द्यावे. छापलेल्या यादीची एक प्रत त्यांना लगेच मिळेल.